थर्मासातलं कोमट पाणी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. मी एक जुना थर्मास आहे. अंगाचा निळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, कमरेला पोचा आहे आणि डोक्यावरचा पेला मुळात माझा नाहीच. तो दुसऱ्याच कुठल्या तरी थर्मासाचा आहे आणि जरा सैल बसतो. म्हातारपणी दुसऱ्याची टोपी घालून मिरवायची वेळ येते, ती अशी. पण माझ्या पोटात सकाळी ओतलेला चहा संध्याकाळी जीभ भाजेल इतका गरम निघतो. हे मी गर्वाने सांगत नाही. बरं, थोडं गर्वानेच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं बाहेरचं अंग पत्र्याचं आणि आतली बाटली काचेची, तीही अगदी पातळ. मला खोक्यात भरणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, की हे बाहेरून दिसतं तेवढं मजबूत नसतं, जपून ठेव. मला तेव्हा तिचा फार राग आला होता.

दुकानाच्या फळीवरून मला एका नर्सबाईंनी विकत घेतलं. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे, अगदी दूधवाला आणि शेजारीसुद्धा. माझं नशीब म्हणून मला त्यांच्यासारखी मालकीण मिळाली. त्या माझ्यात कधीही एकदम उकळता चहा ओतत नसत. काचेला एकदम उकळतं सोसत नाही, असं त्या म्हणायच्या. आधी कोमट पाणी घालायचं, झाकण लावून थोडा वेळ ठेवायचं, मग ते ओतून टाकायचं आणि मगच चहा. इतकी वर्षं माझी काच शाबूत राहिली, ती या एका सवयीमुळे. सिस्टरांबरोबर मी दवाखान्याच्या वॉर्डात खूप वर्षं काढली. चहा त्यांच्या एकटीसाठी असायचा, पण रडवेल्या नातेवाइकांना वाटता वाटता त्यांच्या वाट्याला तळाचा घोटच यायचा.

पुढे सिस्टरांचा मुलगा मोठा झाला, नौदलात गेला आणि त्याची एका जहाजावर नेमणूक झाली. जहाज निघालं त्या दिवशी मीही धक्क्यावर होतो. जहाज ठिपक्याएवढं झालं, मग ठिपकाही दिसेना, तरी माणसं हलेनात. सिस्टरांच्या एका बाजूला बस चालवणारा एक दणकट माणूस उभा होता, दुसऱ्या बाजूला कपडे शिवणारी एक बाई डोळे पुसत होती. सिस्टरांनी माझं झाकण उघडलं आणि काही न विचारता दोघांच्या हातात चहा दिला. बोलता बोलता कळलं, की तिघांची मुलं एकाच जहाजावर आहेत आणि तिघांची घरंही दोन-चार गल्ल्यांच्या आत आहेत.

ड्रायव्हरदादांना एकच मुलगी. तिची आई लवकर गेली, म्हणून लहानपणी ती शाळा सुटली की बसमध्ये त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणाजवळ बसून गृहपाठ करायची. इंजिनाचा आवाज जरा बदलला की ती वहीतून मान वर काढून सांगायची, बाबा, याला सर्दी झालीये. आता ती जहाजाच्या इंजिनखोलीत काम करत होती. हे सगळं दादा हसत हसत सांगायचे. ते प्रत्येक गोष्ट हसतच सांगायचे. टेलरबाईंचा मुलगा जहाजावर स्वयंपाक करायचा. त्याला घरी साधा भात कधी जमला नव्हता, याची त्याच्या आईला भारी काळजी होती. दादा म्हणाले, काळजी आपण नाही, जहाजावरच्यांनी करायची.

जहाजावरून निरोप कधी यायचा, कधी यायचा नाही. आला तरी तिघांना एकदम यायचा नाही. तेव्हा सिस्टरांनी एक रीत घातली. ज्या घरी सगळ्यांत जास्त दिवस निरोप नाही, थर्मास त्या घरी राहील. बाकीच्यांनी संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं. निरोप आला, की त्या घरच्या माणसाने मला काठोकाठ चहाने भरून ज्याला गरज आहे त्याच्याकडे पोचवायचं. म्हणजे मी ज्याच्या दारात भरून आलो, त्याला बोलायच्या आधीच कळायचं, की दुसऱ्या घरी आज आनंद आहे. मित्रांनो, मी खूप घरं पाहिली, पण माझं येणं इतकं मोलाचं कुठेच नव्हतं.

एकदा बरेच दिवस जहाजावरून काहीच आलं नाही. मी ड्रायव्हरदादांच्या स्वयंपाकघरात होतो. दुपारी ते ड्युटीवर निघण्याच्या तयारीत होते. रेडिओ चालू होता. बातम्यांत सांगितलं, की मुलांचं जहाज होतं त्याच समुद्रात नौदलाच्या एका जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. जहाजाचं नाव सांगितलं नाही. दादांनी रेडिओ बंद केला आणि ते ओट्याला धरून उभे राहिले.

तेवढ्यात सिस्टरांचा फोन आला. टेलरबाईंनीही बातमी ऐकली होती. त्या घाबरल्या आणि शिवता शिवता मशिनीची सुई त्यांच्या बोटात गेली. सिस्टर पट्टी बांधत होत्या, पण बाईंची नजर रेडिओवरच होती. दादांनी ओट्यावरचा हात काढला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, की आत्ताच पोरीचा निरोप आला, आपलं जहाज सुखरूप आहे, टेलरबाईंना सांगा, चहा घेऊन येतोच.

मी तिथेच होतो. कसलाही निरोप आला नव्हता.

त्यांनी चहा उकळत ठेवला. रीतीप्रमाणे माझ्यात कोमट पाणी घातलं, झाकण लावलं. मग खिशातून फोन काढून पाहिला. परत ठेवला, परत पाहिला. सवयीने गॅस बंद केला आणि मला उचलून तसेच बाहेर पडले. मी वाटभर डचमळत होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, तसा. गच्च भरलेला थर्मास असा वाजत नाही. मी जीव तोडून वाजलो, पण त्यांचं लक्ष कुठे होतं!

टेलरबाईंना त्यांनी बातमी सांगितली, दोन विनोद केले आणि ड्युटी आहे म्हणून न बसताच निघून गेले. टेलरबाई खूप रडल्या, पण ते सुटकेचं रडणं होतं. सिस्टर निश्चिंत होऊन दवाखान्यात गेल्या. मग टेलरबाईंनी डोळे पुसून माझं झाकण उघडलं आणि पेल्यात ओतलं. पेल्यात नुसतं कोमट पाणी पडलं.

त्या पाण्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. निरोप आलेला माणूस चहा विसरत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका गेली, हे मी पाहिलं. त्या अंथरुणावर पडून राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्या उठल्या. ते पाणी ओतून दिलं, चहा केला, मला काठोकाठ भरलं, सिस्टरांना फोन केला आणि असा माणूस ड्युटीवर कसा जाईल म्हणत, सुईदोरा पिशवीत टाकून मला घेऊन दादांच्या घरी आल्या.

दादा ड्युटीवर गेलेच नव्हते. खाकी कपड्यांतच स्वयंपाकघरात बसले होते. पातेल्यातल्या चहावर जाड साय धरली होती. टेलरबाईंनी काहीच विचारलं नाही. खिशाचं बटण लोंबतंय, शर्ट द्या, एवढंच म्हणाल्या. पट्टी बांधलेल्या बोटाने त्यांनी बटण लावलं, दोरा दातांनी तोडला, शर्ट त्यांच्या हातात दिला आणि मग हळूच बोलल्या.

"दादा, थर्मासात पाणी होतं."

दादांनी पातेल्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी झोप लागावी म्हटलं, ताई."

"आणि तुम्हाला?"

त्यांना विनोद सुचला नाही. "ती इंजिनखोलीतच असते हो," एवढं म्हणून तो दणकट माणूस लहान मुलासारखा रडला. टेलरबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. सिस्टर ड्युटी बदलून आल्या. आल्या आल्या त्यांनी दादांना आधी मिठी मारली आणि मग खोटं बोलल्याबद्दल झापलं. त्या दिवशी मी तिघांच्या मध्ये टेबलावर होतो आणि निरोपाची वाट तिन्ही घरं एकत्रच पाहत होती. कोणी घरी गेलं नाही.

सकाळी टेलरबाईंचा फोन वाजला. पलीकडून "आई" एवढंच ऐकू आलं आणि त्या भिंतीला टेकल्या. आता टेलरबाई मुलाला हजार गोष्टी विचारतील असं मला वाटलं.

"तू बोलतोयस म्हणजे तू आहेस," त्या म्हणाल्या. "आधी सांग, ड्रायव्हरदादांची पोरगी कशी आहे?"

त्यांनी ऐकलं, आणि फोन न ठेवताच दादांकडे वळल्या. "झोपलीये."

आग दुसऱ्या जहाजाला लागली होती. आपलं जहाज मदतीला धावलं होतं. पंप चालवायला जी मंडळी त्या जहाजावर गेली, त्यांत दादांची मुलगी होती. दोन्हीकडची सगळी माणसं वाचली. आणि आता ती इतकी गाढ झोपली होती, की फोन करायलाही उठेना. सिस्टरांचा मुलगा तिच्या जागी पंपावर उभा होता.

दादांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "जेवून झोपली का, विचारा," ते म्हणाले. टेलरबाईंनी विचारलं. जेवून झोपली होती, आणि तेही त्यांच्याच मुलाच्या हातचा भात. मग मात्र तिघं असे हसले, की शेजारचे दार उघडून पाहू लागले.

जहाज परत आलं तेव्हा मी धक्क्यावर होतो. दादांच्या लेकीने माझं झाकण उघडून आधी आत डोकावून पाहिलं, आणि चहाच आहे ना, अशी खात्री करून घेतली. तिच्या बापाची ती फजिती तोवर सगळ्या जहाजाला कळली होती. त्याच गर्दीत माझा पेला समुद्रात पडला, पण मला त्याचं जराही दुःख झालं नाही.

त्यानंतर मला कपाटावर ठेवलं गेलं. धूळ बसली, पोटात कुबट वास धरला. मला वाटलं, संपलं आपलं काम. पण परवा सिस्टरांनी मला खाली काढून घासलं, कुठून तरी हा सैल पेला आणून बसवला. नवं जहाज निघालं आहे. धक्क्यावर एक जोडपं पाणावल्या डोळ्यांनी उभं होतं म्हणे. मी आता त्यांच्या घरी आहे.

मित्रांनो, मला तारेच्या घासणीने घासू नका, आपटू नका, एवढं मागणं आहेच. आणखी एक सांगतो. तुमच्या घरात, शेजारात जो सगळ्यांत मोठ्याने हसतो, त्याच्याकडे अधूनमधून जा. त्याचंही बाहेरचं अंगच पत्र्याचं असतं. एकदम उकळते प्रश्न ओतू नका. आधी त्याचं बटण लावून द्या, थोडं कोमट पाणी फिरवा. आणि मग चहा ओतायला मात्र विसरू नका.