न्हाव्याचा अर्ज

न्हावी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पेटी घेऊन हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर जायचा. अर्धांगवायूचे, डोक्याला मार बसलेले, कण्याला इजा झालेले पेशंट तिथे महिनोन्‌महिने असायचे. त्यांच्या दाढ्या करायचं काम त्याच्याकडे नऊ वर्षं होतं. खाली कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, पण खरा मान त्याला चौथ्या मजल्यावरच मिळायचा. हात हलका. झोपलेल्या माणसाची दाढी तो जाग न आणता करतो, असं नर्स सांगायच्या, आणि ते ऐकलं की त्याचा दिवस चांगला जायचा.

एका मंगळवारी दाढ्यांच्या यादीत सात नंबरच्या कॉटपुढे फुली दिसली. सात नंबरला एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. उजवी बाजू लुळी पडलेली, जीभ जड झालेली. सगळे त्यांना काका म्हणायचे. फुली बघून न्हाव्याने यादी पुन्हा वाचली. काका गेले, असंच त्याला वाटलं. पण काका खिडकीजवळ टेबलापाशी बसलेले होते. पुढ्यात आरसा, वाटीत पाणी, आणि शेजारी एक तरुण बाई उभी. ती नुकतीच रुजू झालेली ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी. आजपासून काका आपली दाढी आपणच करतील, असं तिने न्हाव्याला सांगितलं. सांगितलं अगदी गोड शब्दांत, पण न्हाव्याला ते झोंबलं. नऊ वर्षांत त्याच्या हातातलं काम असं कोणी काढून घेतलं नव्हतं.

बघू तरी काय दिवे लावतात, म्हणून तो पेटी मांडीवर घेऊन भिंतीकडच्या स्टुलावर बसला.

रेझरच्या दांड्याला स्पंज गुंडाळून तो जाड केला होता. काकांनी तो डाव्या हातात धरला. आधी साबण लावण्यातच दहा मिनिटं गेली. निम्मा फेस कानावर आणि बनियनवर. मग पहिला हात फिरला तो तिरका. हनुवटीच्या कोपऱ्याशी रेझर अडकला आणि रक्ताचा ठिपका आला. न्हावी ताडकन उठला. हातात तुरटीचा खडा तयारच होता.

"तुम्ही बसा," बाई म्हणाली. "हात मागे."

ती स्वतःही हात मागे बांधूनच उभी होती, हे न्हाव्याच्या तेव्हा लक्षात आलं. काकांनी आरशात पाहिलं, रेझर खाली ठेवला, कापूस उचलला, रक्त टिपलं आणि रेझर पुन्हा हातात घेतला. पाऊण तासात एक गाल झाला. दुसऱ्या गालावर पांढरे खुंट तसेच राहिले, आणि त्याच अवतारात काका जेवायला गेले.

त्या दिवशी घरी न्हाव्याने बायकोपुढे सगळा राग ओकला. आजारी माणसाला असं ताटकळत ठेवायचं, त्याचं रक्त काढायचं, याला म्हणे उपचार. बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, तिला माणसांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची सवय होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग काका चिडले का. न्हाव्याने आठवून पाहिलं. नाही, काका चिडले नव्हते.

शुक्रवारी बाकीच्या दाढ्या उरकून तो परत स्टुलावर जाऊन बसला. नंतर तर तो वेळ काढूनच यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गाल व्हायला लागले. पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी काकांचा डावा हात गळ्याशी अडला. तिथली कातडी सैल असते, ताणल्याशिवाय पातं चालत नाही. न्हाव्याला ते बसल्या जागी कळत होतं. काकांनाही कळलं. त्यांचा उजवा हात, जो दोन महिने मांडीवर पडून होता, हळूहळू टेबलाच्या कडेवर आला, तिथून छातीवर, आणि थरथरत गळ्यापाशी पोचला. बोटांनी कातडी नीट धरली नाही, ती नुसती टेकली. बाईने घड्याळात पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

न्हावी उठून जिन्यात गेला. बाई थोड्या वेळाने बाहेर आली, तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. बरं वाटत नाही का, असं तिने विचारलं.

"माझे वडील चार वर्षं अंथरुणावर होते," तो म्हणाला. "रोज मी त्यांची दाढी करायचो. वस्तरा जवळ आला की त्यांचा हात वर यायचा. मी तो खाली दाबायचो. बाबा, लागेल, गप्प पडा, म्हणायचो. मग हात यायचाच बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, आता काम सोपं झालं."

बाई त्याच्याशेजारी पायरीवर बसली. तेव्हा त्यांना काय हवं होतं, हे आता सांगता येणार नाही, ती म्हणाली. तो हात नुसताही हलत असेल. तिने खोटा धीर दिला नाही, म्हणून न्हाव्याला तिचं बोलणं पटलं. मग त्याने विचारलं, की हे काम शिकायचं तर काय लागतं.

थेरपिस्ट व्हायला त्याला फार वर्षं लागली असती, पण असिस्टंटचा कोर्स दोन वर्षांचा होता. पेशंटला तपासून उपचार ठरवायचा थेरपिस्टने. तो रोजच्या रोज करवून घ्यायचा, आणि काय जमलं, काय नाही ते तिला कळवायचं असिस्टंटने. प्रवेशाची माहिती तिने कागदाच्या पाठीवर लिहून दिली. बारावी, आणि त्यात जीवशास्त्र. साठ तास प्रत्यक्ष काम बघितल्याचा सही-शिक्क्याचा कागद. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, तब्येतीचा दाखला, लसी, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. ओळखणाऱ्या दोघांची पत्रं. हे काम का करायचंय ते स्वतःच्या अक्षरात दोन पानं. शेवटी मुलाखत. वयाची अट नव्हती. न्हावी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि बारावी झाला होता कलाशाखेतून, तीही जेमतेम; म्हणजे जीवशास्त्राची परीक्षा आता नव्याने द्यायला हवी होती.

ऑक्युपेशनल थेरपीला हॉस्पिटलात सगळे ओटी म्हणायचे, म्हणून बायकोलाही त्याने सांगितलं की तो ओटीचं शिकणार आहे. तिला वाटलं, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. वस्तरा सोडून आता सुरीच धरणार का, असं तिने विचारलं. नीट समजल्यावर मात्र ती हसली नाही. इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या डोक्यावरून हात फिरवलात, आता स्वतःच्या डोक्याला ताप का, असं म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी शाळेतून जीवशास्त्राची दोन पुस्तकं घेऊन आली.

ते वर्ष अवघड गेलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो सलूनच्या खुर्चीवर बसून पेशी, चेता, स्नायू पाठ करायचा. आरशाच्या कडेला मेंदूचं चित्र चिकटवलं होतं. लोक विचारायचे, तो म्हणायचा, ही केस कापायची नवी स्टाइल आहे. परीक्षेच्या खोलीत सगळी मुलं त्याच्या निम्म्या वयाची. पर्यवेक्षक त्याला पालक समजून बाहेर थांबायला सांगत होते. अट पन्नास टक्क्यांची होती. त्याला त्रेपन्न मिळाले.

मग ती दोन पानं लिहायची वेळ आली. त्याने वडिलांबद्दल लिहिलं आणि बायकोला वाचायला दिलं. तिने वाचलं, कागद घडी घालून टेबलावर ठेवले आणि ती कामाला लागली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना, त्याच्याकडे पाठ करूनच, तिने तोंड उघडलं.

"बाबांना भरवत मी होते. चार वर्षं. म्हणजे चुकले मीच ना?"

"मी माझ्या हाताबद्दल लिहिलंय. तुझ्याबद्दल नाही."

"घास देताना ते माझं मनगट धरायचे. मला वाटायचं, आधार घेतायत. शाळेची वेळ व्हायची, मी हात सोडवून घ्यायचे." तिने हातातला टॉवेल झटकला. "आपल्याला कोणी काही सांगितलं नाही. एकानेही नाही."

तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याने बादलीतला पुढचा कपडा पिळून तिच्या हातात दिला. दोघांनी मिळून सगळी बादली रिकामी केली. आत जाताना ती म्हणाली, "लिहिलंय ते राहू दे. खोडू नका."

अर्ज गेला आणि तीन आठवड्यांत परत आला. साठ तास किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी भरलेले हवे होते. त्याचे सगळे चौथ्या मजल्यावरचे होते. माहितीपत्रकात बारीक अक्षरात हे छापलेलं होतं. ना त्याने वाचलं होतं, ना बाईने. बाईला फार वाईट वाटलं, तिने दोनदा माफी मागितली. प्रवेश बंद झाले होते. एक वर्ष हातचं गेलं.

आरशावरचं मेंदूचं चित्र न्हाव्याने काढून ठेवलं. मग एका सकाळी सलून उशिरा उघडेल असं दारावर लिहून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, मतिमंद आणि अपंग मुलांच्या केंद्रात गेला, आणि इथे बसून बघू द्याल का, असं विचारलं. तिथे सहा वर्षांची एक मुलगी बटण लावायला शिकत होती. एक बटण, एक काज, रोज वीस मिनिटं. न्हाव्याने अकरा दिवस ते बघितलं. बाराव्या दिवशी बटण लागलं, तेराव्या दिवशी पुन्हा लागेना. तिथल्या असिस्टंटला त्यात काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, की या कामात उद्याचा भरवसा धरायचा नाही आणि उद्या यायचं चुकवायचं नाही.

त्याच वर्षी काका गेले. ते घरी जाऊन दहा महिने झाले होते. दुसरा झटका आला. काकांच्या मुलीने न्हाव्याला मुद्दाम सलूनमध्ये येऊन सांगितलं. बाबा शेवटपर्यंत स्वतःच दाढी करायचे, ती म्हणाली. गळ्यापाशी नेहमी थोडे केस राहायचे, आणि आम्ही दाखवले तर रागवायचे. न्हाव्याने तिला पाणी दिलं. ती गेल्यावर त्याने पुढचं गिऱ्हाईक खुर्चीवर घेतलं, पण कात्री हातात घ्यायला त्याला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी अर्जात खोट निघाली नाही. मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या वयस्कर बाईंनी ती दोन पानं समोर ठेवली होती. बावीस वर्षं माणसांसाठी हात चालवल्यावर आता ते आवरायला जमेल का, असं त्यांनी विचारलं.

"जमतंच असं नाही," न्हावी म्हणाला. "अजूनही हात पुढे जातो. पण पेशंट नेमका कुठे अडलाय, ते मला माझ्या हातामुळेच कळतं. फक्त तिथे मी जायचं नाही, एवढं शिकायचंय."

दुसऱ्या परीक्षकाने विचारलं, की मुलीच्या वयाची थेरपिस्ट हुकूम सोडेल, ते चालेल का. न्हाव्याने सांगितलं, की सलूनमध्ये गिऱ्हाईक सांगेल तसेच केस कापतात, त्याचं वय कोणी विचारत नाही. तिघंही हसले. वयस्कर बाईंनी शेवटी वडिलांबद्दल काही विचारलं नाही. पानं नीट जुळवून फाइलमध्ये घातली आणि म्हणाल्या, की असं लिहून द्यायला घरच्यांची हरकत नव्हती का. बायकोनेच ठेवायला सांगितलं, असं त्याने उत्तर दिलं.

चोवीस जागांच्या यादीत त्याचं नाव एकविसावं होतं. बायकोने यादी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवली. सलूनची एक खुर्ची त्याने ओळखीच्या कारागिराला चालवायला दिली. दुसरीवर तो संध्याकाळी कॉलेजहून आल्यावर स्वतः उभा राहायचा. पहिल्या सहामाहीत शरीररचनेत तो नापास झाला आणि पुरवणी परीक्षेत सुटला. वर्गातली मुलं त्याला आधी सर म्हणायची, मग काका म्हणायला लागली.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी त्याला एका वृद्धाश्रमात पाठवलं. पहिल्या दिवशी त्याच्याकडे एक आजी दिल्या, पूर्वीच्या शिक्षिका. डावा खांदा आखडलेला. त्यांना आपले केस आपणच विंचरायचे होते, आणि कोणी विंचरून दिलेलं खपत नव्हतं. थेरपिस्टने लांब दांड्याचा कंगवा द्यायला आणि उजव्या बाजूने सुरुवात करायला सांगितलं होतं. न्हाव्याने खुर्ची आरशासमोर ठेवली, कंगवा टेबलावर ठेवला आणि बाजूला झाला. मागच्या गुंत्याशी आजी दोनदा अडल्या. एकदा त्यांनी कंगवा आपटला आणि त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्याने हात मागे बांधले. थोड्या वेळाने त्याने सुचवलं, की गुंता खालून धरून बघा. आजींनी खालून धरला.

पस्तीस मिनिटं लागली. भांग वाकडा झाला होता. आजींनी आरशात बघून मान हलवली आणि उद्या किती वाजता येणार, ते विचारलं. न्हाव्याने साडेदहा सांगितलं. मग व्हरांड्यात बसून त्याने वहीत तारीख घातली, काम आणि वेळ लिहिली, आणि मदतीच्या रकान्यात लिहिलं: फक्त बोलून, एकदा.