आगीआधीचा पडदा

भिंगकाकांचा शब्द म्हणजे बाजारात काळ्या दगडावरची रेघ. जुना फोटो उलटासुलटा करून त्यांनी साल सांगितलं की लिलाववालेही वाद घालत नसत. मुलाला मात्र त्यांना हा धंदा शिकवता आला नाही. जुना पुठ्ठा जवळ आला की पोराला शिंका सुरू. शिकली ती सून. आता ती कागदाला बोट लावून त्याचं वय ओळखायची, आणि काका हे तिच्यादेखत चुकूनही कबूल करत नसत.

त्या दिवशी दोघं एका बंगल्यात आली होती. मालकीणबाई वारल्या होत्या, घर आवरताना त्यांच्या पुतण्याला कपाटाच्या तळाशी फोटोंचा डबा सापडला होता. काकांनी वरचाच फोटो उचलला. खुर्चीत ताठ बसलेले गृहस्थ, शेजारी कुंडी, मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर खांब, जिना, तळं, सगळा थाट.

"हा महालाचा पडदा," काका खुलले. "शहरातल्या पहिल्या स्टुडिओतला. स्टुडिओला आग लागली त्यात जळून खाक झाला. म्हणजे फोटो आगीआधीचा. फार थोडे उरलेत असे."

पुतण्याचा चेहरा उजळला. "मग तेवढं लिहून द्या, काका."

काकांनी पेन काढलं. सून अजून फोटोवर वाकलेलीच होती, आणि तिचं हे निरखणं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"बाबा, कुंडीच्या मागे बघता का जरा?"

काकांनी भिंग लावलं. पानांआड पडद्याचा कोपरा काळवंडलेला होता, आणि त्यावर ठिगळ. कुंडी शोभेची नव्हतीच, जळकं झाकायला ठेवली होती. पडदा आगीतून वाचला होता. हा फोटो आगीनंतरचा होता.

काकांनी भिंग खाली ठेवलं. याच पडद्याच्या भरवशावर त्यांनी जन्मभर फोटोंवर 'आगीआधीचा' असं लिहून दिलं होतं. ते सगळंच आता कच्चं ठरत होतं.

"डाग असेल हो," पुतण्या म्हणाला. "वहिनी, काकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"डाग फोटोवर नाही, पडद्यावर आहे. ठिगळाचे टाके दिसतात." तिचा आवाज हळू होता, पण हलला नाही. "काय लिहायचं ते बाबा ठरवतील."

काकांना आधी राग आला. लोकांसमोर बोलली म्हणून. मग त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि राग कुठच्या कुठे गेला. इतकी वर्षं ते महालच बघत राहिले होते. हिने कुंडी बघितली होती. त्यांचा ऊर भरून आला.

"आगीनंतरचा," ते म्हणाले. "तसंच लिहिणार."

पुतण्याने तोंड वाकडं केलं. काकांनी खिशातून फोन काढला आणि त्यांच्याच शब्दावर या पडद्याचे फोटो जमवणाऱ्या एका जुन्या, फटकळ गिऱ्हाइकाला लावला.

"तुझ्याकडचे महालाचे फोटो घेऊन ये. माझी सालं चुकलीत... हो, माझीच. हस पोटभर. पण कोणी पकडलं ते विचार ना आधी."

पलीकडून बहुधा विचारलं गेलं. काका खुर्चीत सरसावून बसले आणि सगळ्या बंगल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाईनं."