नाण्यावर बोलायचं नाही

आमच्या दुकानात नियम एकच, पण कडक. नाणं दिव्याखाली उघडं असेल तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. बोलताना थुंकीचा बारीकसा कण जरी चांदीवर पडला, तरी काही दिवसांनी तिथे काळा ठिपका उमटतो आणि मग तो कशानेही जात नाही. म्हणून सासरे आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना मुक्यासारखे बसतो. दर्जासुद्धा बोटांनीच सांगायचा. पाच बोटं म्हणजे अस्सल, आणि कालच टाकसाळीतून निघाल्यासारखं कोरं. झीज असेल तशी बोटं कमी. मूठ म्हणजे खोटं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते, बाजार त्यांना 'कान' म्हणतो. ते नाणं बोटाच्या टोकावर तोलतात, लाकडी काडीने हलकेच टोला देतात आणि ऐकतात. ठशाने ठोकलेली जुनी चांदी लांबवर वाजत राहते, साच्यात ओतलेली बनावट टक्क करून गप्प होते. मोतीबिंदूनंतर बारीक दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं आणि चारचौघांत म्हणाले, "डोळे आता सूनबाईंचे, कान माझा." घरात मात्र हा कान कधीच चालला नाही. "हे लग्नाच्या दिवसापासून बहिरे आहेत," असं सासूबाई भांडी आपटत म्हणायच्या आणि आम्ही सगळे हसायचो.

त्या दुपारी, सगळा बाजार ज्याला टरकून असतो तो ठेकेदार आला. आत आल्या आल्या त्याने दाराला आतून कडी लावली. त्याने कागदाची पुडी टेबलावर ठेवली आणि ती उघडायच्या आधी सावकाश बोलून घेतलं.

"संध्याकाळी हे नाणं मी एका माणसाला देणार आहे. त्याच्यापुढे माझी मान आजवर खाली गेलेली नाही. तुम्ही हो म्हणालात की बास. पण खोटं निघालं, तर मी परत इथेच येईन. तुमच्यासारख्याच एकाकडे मागे असाच परत गेलो होतो." तो जरा थांबला. "चांगला माणूस होता बिचारा."

मी हसले. मला भीती वाटली की हसू येतं, ही लहानपणापासूनची खोड. शाळेत छडी खाताना हसायचे आणि त्या हसण्यापायी आणखी एक खायचे. चाळिशी आली तरी तोंडाला अक्कल आली नाही.

पुडी उघडली आणि तिघेही गप्प झालो. नाणं मी कडेला धरून दिव्याखाली घेतलं. जुन्या राजाचा चेहरा. झीज आधी कुठे येते, तर जे उंच असतं तिथे: गालाचं हाड, कानावरचे केस. इथे एकेक केस मोजून घ्यावा असा होता. चकाकीही नाणं फिरवलं तशी फिरत होती. पण एका अक्षराच्या पायाशी टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं दिसली, ओतताना हवा अडकून पडतात तशी, आणि कडेचे दाते एका जागी किंचित बोथट. वजन बरोबर. डोळा धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. मान वर केली तर ठेकेदार नाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा हसले आणि नाणं बाबांकडे सरकवलं.

त्यांनी ते बोटावर तोललं आणि टोला दिला.

टक्क.

बस्स, एवढंच. मला हायसं वाटलं, निकाल लागला होता. आणि बाबांनी माझ्याकडे बघून पाच बोटं वर केली.

मी खुणेने विचारलं, पुन्हा? त्यांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तसंच टक्क. पुन्हा पाच बोटं, आणि चेहऱ्यावर समाधान.

आधी वाटलं, या माणसाने बाबांना अगोदरच गाठून दम दिलाय. मग दुसरीच शंका आली, ती त्याहून वाईट होती. बाबांच्या पाठीमागे फळीवर पितळी वजनांचा डबा होता. काहीतरी घ्यायला उठल्यासारखं करून मी तो कोपराने ढकलून दिला. फरशीवर असा दणका झाला की ठेकेदार खुर्चीतून अर्धा उठला. बाबांची पापणीसुद्धा लवली नाही.

सासूबाई थट्टेत म्हणायच्या ते खरंच होतं, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं. दुकानात आम्ही बोलतच नाही, तर इथे ते कुणाला कळणार होतं?

पण मग इतके दिवस बाबा बरोबर कसे सांगत होते? जागेवर येऊन बसताना माझ्या लक्षात आलं. टोला देताना ते नेहमी माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, सुनेचं कौतुक. ते माझा चेहरा बघत होते. नाणं माझ्या कानात वाजायचं, माझ्या तोंडावर दिसायचं, आणि ते बोटं वर करायचे. आज माझ्या तोंडावर हसू होतं.

मूठ मी दाखवू शकत होते. पण मग सुनेने कानाला खोटं पाडलं ही गोष्ट संध्याकाळच्या आत बाजारभर झाली असती. भिंग सुटल्यावर त्या माणसाकडे उरलं होतं ते एवढंच. आणि गप्प बसले असते, तर ठेकेदार परत येणार होता. मी खूण केली, आणखी एकदा. बाबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी काडी उचलली.

आता फक्त हसू थांबवायचं होतं, आणि ते थांबेना. जितकी घाबरत होते तितके ओठ फाकत होते. मेलं माझंच तोंड माझं ऐकेना. गाल आतून दातांत धरून मी असा चावला की तोंडात रक्ताची चव आली. टोला पडला. मी बाबांकडे सरळ बघितलं. काही लपवलं नाही.

ते बघत राहिले. हात पाच बोटांनी वर आला. मग अंगठा मिटला, त्यावर एकेक बोट मिटत गेलं, आणि मूठ झाली.

"हे काय?" ठेकेदार उठला. "आत्ता पाच होती!"

बाबा मूठ धरून तसेच बसले. मी आधी नाण्यावर कागद ओढला, मग बोलले. "ती पाच माझ्यासाठी होती. मी चुकते का, ते बघतात बाबा."

"आणि?"

"चुकलेच की. बघितलंत ना, कशी हसत होते."

त्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्याने पुडी खिशात टाकली. "ज्याने मला हे दिलं, त्याच्याकडे आधी जाऊन येतो," म्हणाला आणि कडी काढून निघून गेला. ज्याने त्याला नाणं दिलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी खाली बसून वजनं गोळा करायला लागले. तेव्हा भीती वेगळ्याच बाजूने आली. नाणं दोघांनी पारखलंय, या विश्वासावर लोक आमच्याकडून नाणी घेऊन जात होते, आणि मीही त्याच विश्वासावर निवांत झोपत होते. दुसरं कुणी नव्हतंच. कधीपासून नव्हतं, ते विचारायचीही सोय नव्हती. मी एकटीने किती खोटी पास केली असतील?

"बाबा," मी त्यांच्या पाठीमागून म्हटलं. ते वळले नाहीत.

उठून समोर गेले, तेव्हा ते दिवा पुसत होते. पुढच्या नाण्याची पुडी त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि खाली बघूनच म्हणाले, "नाणं बघताना हसत जाऊ नकोस गं."