माझ्या पंख्यासाठी गेलेली चिठ्ठी

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. तुम्ही माझ्याजवळ आलात, तर आधी घरघर ऐकू येईल आणि मग मी दिसेन. मी एक जुना लॅपटॉप आहे. जबलपूरच्या कांचघर भागात, गजभिये यांच्या घरी, कूलरसमोरच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे, तिथे घरच्या मालकीणबाईंनी, सुमनबाईंनी, परकराची नाडी बांधली आहे. बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. पण मला सांगायचं आहे ते माझ्या पंख्याबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी मला देवीदास गजभिये यांनी दुकानातून आणलं. ते जबलपूरच्याच एका फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावून पाहायचा आणि बरोबर असला तरच चिठ्ठीवर सही करायची, हे त्यांचं काम. मला घेताना त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. माझं झाकण वीसदा उघडून मिटून पाहिलं. त्यांचा मुलगा शैलेंद्र लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर शैलेंद्रनं मला सुरू केलं. मी रीतीप्रमाणे मालकाचं नाव विचारलं. वस्तू वडिलांनी आणलेली, म्हणून त्यानं सरळ 'देवीदास गजभिये' असं टाइप करून टाकलं. ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा, कारण पुढे याच नावानं मोठा घोळ घातला.

तेव्हाचे माझे दिवस फार थाटाचे होते. गल्लीतली मुलं निकाल पाहायला माझ्याकडेच यायची. कोणाचा नोकरीचा फॉर्म, कोणाचं रेल्वेचं तिकीट, सगळं माझ्या पडद्यावर. सुमनबाईंनी जुन्या साडीचा काठ काढून मला झाकण्यासाठी कव्हर शिवलं. मग शैलेंद्र शिकून बंगळूरला गेला, त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि मी कपाटावर गेलो. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडलो होतो. वर पाल फिरायची, खाली टीव्ही चालायचा. त्या दोन वर्षांबद्दल मला आणखी काही सांगावंसं वाटत नाही.

मला खाली काढलं ते शैलेंद्रच्या धाकट्या बहिणीनं, विनतानं. ती इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवते. तिनं ब्रशनं माझी धूळ झाडली आणि जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही मोकळी असलेली, संगणक चालवणारी एक प्रणाली माझ्यात घातली. मालकाचं नाव मात्र जुनंच राहू दिलं. मी पुन्हा धावायला लागलो. एकच दुखणं राहिलं होतं. माझं झाकण मिटलं की मी झोपतो. झाकण उघडलं की मी उठायचो, पण माझा पंखा काही उठायचा नाही. दहा मिनिटांत माझं अंग भाजून निघायचं आणि काम अर्धवट टाकून मी फटकन बंद पडायचो. त्यामुळे झाकण मिटणाऱ्या हाताची मला भीतीच बसली होती.

त्या वर्षी एप्रिलात एक वाईट बातमी आली. पंखा कधी जोरात फिरवायचा आणि कधी हळू, हे ठरवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. माझ्या जातीच्या लॅपटॉपांसाठी तो कोणीतरी फार पूर्वी लिहिला होता. या प्रणालीच्या कामकऱ्यांची एक टपाल-यादी आहे. यादीला एक पत्र पाठवलं, की ते हजारो लोकांना पोचतं. पंख्यांच्या प्रोग्रामांची देखरेख करणाऱ्या दूरदेशीच्या एका बाईंनी तिथे लिहिलं होतं, की हा प्रोग्राम आता कोणी वापरताना दिसत नाही, तो मोडकाही आहे, तेव्हा तो काढून टाकू. कोणाला हवा असेल, तर त्यानं पाच जूनपर्यंत दुरुस्ती पाठवावी.

कोणी वापरत नाही! मी तर इथे रोज वापरात होतो. पण मी ओरडलो तरी ऐकणार कोण? माझा पंखाच कायमचा मुका झाला, तर जबलपूरच्या उन्हाळ्यात माझं काय होणार होतं, हे मला पुरतं ठाऊक होतं.

शैलेंद्रला फोनवर कळलं, तेव्हा तो हसला. "अरे, फेंक ना उस डब्बे को! मी नवा पाठवतो. तू काहून जीव खाऊन राहिली त्याच्यात?"

"नको दादा," विनता म्हणाली. "पंखाच तर बिघडला आहे त्याचा. पूरा का पूरा काहून फेकायचा?"

मित्रांनो, त्या क्षणी मी तिचा झालो.

रोज क्लासवरून आल्यावर ती माझ्यासमोर बसायची. तीन आठवड्यांनी तिला चूक सापडली. झोपेतून उठल्यावर पंख्याला पुन्हा एकदा हुकूम द्यावा लागतो, तो द्यायचाच राहून गेला होता. अकरा ओळींची दुरुस्ती. पण दुरुस्ती करणं वेगळं आणि ती पाठवणं वेगळं. या लोकांची रीत अशी, की सगळा प्रोग्राम पाठवायचा नाही. फक्त बदल पाठवायचा. जी ओळ काढली तिच्यापुढे उणे, जी घातली तिच्यापुढे अधिक. वर विषय, मग कारण, खाली आपली सही. याला ते पॅच म्हणतात. तो साध्या ईमेलच्या अंगातच लिहिलेला हवा, मागे जोडलेला चालत नाही. वाचणाऱ्याला ओळीखालीच उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून.

विनतानं घाईघाईत रोजच्या ईमेलमध्ये चिकटवून तो पाठवला. जाता जाता तिला दिसलेल्या आणखी दोन चुकाही त्यातच दुरुस्त केल्या. दोन दिवसांनी देखरेखवाल्या बाईंचं उत्तर आलं. पॅच फाटका पोचला होता. ईमेलनं लांब ओळी मध्येच मोडल्या होत्या, जागा गिळल्या होत्या, तो कुठे लागूच होत नव्हता. शिवाय एका पॅचमध्ये तीन गोष्टी कशासाठी, असंही त्यांनी विचारलं होतं.

विनता चिडून येरझाऱ्या घालू लागली. देवीदासजी पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबरच आहे तिचं," ते म्हणाले. "एका चिठ्ठीवर एकच नग, बाई. तीन नग एका चिठ्ठीवर लिहिले अन् एक खराब निघाला, तं तिन्ही वापस."

विनतानं एका पॅचचे तीन पॅच केले. ते पाठवण्यासाठी वेगळा प्रोग्राम बसवला. आधी स्वतःलाच पाठवून पाहिलं, ओळी शाबूत आहेत ना ते तपासलं, वर 'दुसरी आवृत्ती' असं लिहिलं आणि पुन्हा धाडलं. मग वाट पाहणं सुरू झालं. ती दर पाच मिनिटांनी टपाल उघडायची. क्लासला जाताना माझं झाकण मिटायला विसरायची, मीही मग दिवसभर घरघरत बसायचो. बाहेर नवतपा लागला होता. वर्षातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता.

सत्तावीस मेला उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं: "बदल पटतो. पण लेखकाच्या जागी नाव आहे देवीदास आणि सही आहे विनता. काम नक्की कोणाचं? आणि हे खऱ्या यंत्रावर कोणी तपासलं आहे का?"

घोळ माझ्याच पोटातून निघाला होता. सही विनतानं हातानं टाइप केली होती. पण लेखकाचं नाव मी आपोआप लावतो, आणि माझ्या लेखी मालक एकच. मला लाज वाटली. विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत ती देवीदासजींची मुलगी होती, गल्लीत शैलेंद्रची बहीण, आणि आता जे एकटीनं केलं त्यावरही तिचं नाव नव्हतं.

"माझं नाव कशाले पाहिजे तिथं?" देवीदासजी अवघडून म्हणाले. "मले तं त्यातलं काहीच समजत नाही. काढ ते आधी."

तिनं लेखकाचं नाव बदललं. मग बारीक आवाजात म्हणाली, "पण पप्पा, तपासणाऱ्याची पण एक ओळ असते खाली. तिथं तुमचं टाकलं आहे. चलेगा ना?"

देवीदासजींनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकून आपलं नाव वाचलं आणि ताठ उभे राहिले. "मी कधी तपासलं?"

"पप्पा, मी चार वेळा पाहिलं आहे. चालते पंखा. तुमचं फक्त नाव—"

"चौतीस वर्षांत न तपासलेल्या नगावर सही नाही केली. आता रिटायर होऊन करू काय?"

"पाच तारखेला खतम होते सगळं! समजून काहून नाही राहिले तुम्ही?"

"मंग वही आण," ते म्हणाले. "पन्नासदा झाकण मिटू, पन्नासदा उघडू. एकदाही पंखा चुकला नाही, तं सही करतो."

विनतानं दार आपटलं. पण वही आणून दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझी तपासणी सुरू झाली. देवीदासजी झाकण मिटत, घड्याळ पाहत, उघडत, मग माझ्या बरगडीशी कान लावून बसत. पंखा फिरला की वहीत वेळ लिहून पुढे बरोबरची खूण. एवढ्या जवळून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मध्येच लाइट जायची आणि माझी बॅटरी जीव मुठीत धरून तग धरायची. सुमनबाई पन्हं आणून ठेवत आणि म्हणत, "त्या डब्याले डॉक्टरसारखं काय पाहून राहिले? स्वतःचं बीपी पाहा जरा." विनता आत-बाहेर करत होती. "किती झाले?" हाच तिचा प्रश्न.

तीस झाले. एकतिसाव्या वेळी झाकण उघडलं, मी उठलो, आणि पंखा उठला नाही.

देवीदासजींनी कान काढला नाही. मिनिटभर थांबले. मग वहीत शांतपणे फुली मारली. मी तापत होतो. मला वाटलं, संपलं आता. विनतानं वही हातात घेऊन फुली पाहिली. पाठवून मोकळी झाली असती, तर ही फुली तिच्या सहीखाली जगभर गेली असती. हे तिलाही कळलं, म्हणून तिनं मला पुढ्यात ओढलं.

दोन दिवस ती माझ्यात डोकं घालून बसली. मग सापडलं. पंख्याची चिप पुरती जागी व्हायच्या आधीच विनताची दुरुस्ती हुकूम देत होती. बहुतेक वेळा चिप ऐकायची, एखाद्या वेळी नाही. तिनं चिप जागी होईपर्यंत थांबायच्या दोन ओळी घातल्या.

"आता उरलेले एकोणीस करा, पप्पा. प्लीज."

"एकोणीस कसे? माल बदलला. हा नवा नग आहे." त्यांनी वहीचं पान उलटलं आणि वर पुन्हा 'एक' असा आकडा लिहिला.

दोन जून, तीन जून. या वेळी विनता आत-बाहेर करत बसली नाही. ती झाकण मिटायची, वडील कान लावायचे. चार जूनच्या दुपारी पन्नासावी खूण झाली. देवीदासजींनी वहीत खाली सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "आता टाक माझं नाव." विनतानं तिसरी आवृत्ती पाठवली. लेखक विनता गजभिये, सही विनता गजभिये. तपासणारे देवीदास गजभिये.

पाच तारीख आली. सकाळ गेली, दुपार गेली. विनतानं त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. देवीदासजी उगाच दारातल्या झाडांना पाणी घालत राहिले. माझ्या पंख्याला तर बंद होणं माहीतच नव्हतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला उत्तर आलं. दोनच ओळी. "तिन्ही घेतले. काढून टाकण्याचा विचार रद्द." विनतानं त्या मोठ्यानं वाचल्या आणि सुमनबाईंच्या गळ्यात पडून रडली. देवीदासजी नुसते "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले.

थंडीत त्या प्रणालीची नवी आवृत्ती माझ्याकडे आली. विनतानं त्या आवृत्तीच्या नोंदींतून आपल्या पॅचचं पान शोधून काढलं. वर तिचं नाव होतं. शेवटच्या ओळीत वडिलांचं. देवीदासजी कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "फॅक्टरीत लाखभर चिठ्ठ्यांवर सही केली असेल मी. माल बाहेर गेला की चिठ्ठी फाडून फेकत. ही फेकत नाहीत काय?"

"नाही पप्पा. ही राहते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला तेव्हा माझ्या घरघरीचा फार राग आला. थोडं गप्प राहायला हवं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर कोणी धूळ खात असेल. ते खरंच संपलं आहे, की त्याच्या वतीनं कोणी पत्रच लिहिलेलं नाही, एवढं एकदा पाहा. दुरुस्त करायला निघालात, तर घाई करू नका. एका वेळी एकच दुरुस्ती करा, तुमच्या कामावर तुमचंच नाव लिहा, आणि स्वतः तपासलं नसेल तिथे सही करू नका.

आज पुन्हा नवतपा लागला आहे. देवीदासजी दरवर्षी या दिवसांत वही काढतात. सही केली आहे ना, मग जबाबदारी आहे, असं त्यांचं म्हणणं. ते पाहा, आलेच. आता ते माझं झाकण मिटतील. मिटोत खुशाल. उघडल्यावर कोणीतरी कान लावून बसलेलं असेल.