दामिनीची चाल

शहरातल्या सदर भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आनंदरावांची दातांची लॅब होती. दातांचे डॉक्टर जबड्यांची मापं पाठवायचे आणि इथे तीन माणसं दिवसभर बसून दात आणि कवळ्या घडवायची. खिडकीतून येणाऱ्या उन्हात प्लास्टरची पांढरी धूळ तरंगत राहायची. हात कामात, तोंडं मोकळी. त्यामुळे वाद व्हायचे, आणि ते बहुतेक वेळा खेळांवरून व्हायचे.

आनंदराव साठीचे, तरुणपणी हॉकी खेळलेले. भूपेश चौतीस वर्षांचा. दर रविवारी तो टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचा आणि सोमवारी त्याची सगळी हकिगत सांगायचा.

"क्रिकेटचा उगाच बाऊ केला आहे गा," आनंदराव म्हणायचे. "अकरा जण उभे, काम करून राहिले दोघं. बाकीचे गवत पाहतात."

"उभं राहणंच कठीण आहे काका. तीन तास कॅच येत नाही, अन् येते तेव्हाच तुम्ही डुलकी घेऊन राहिले तं?"

"म्हणजे न झोपणं हे कौशल्य झालं?"

गोल्फ म्हणजे बागेतला फेरफटका, यावर दोघांचं एकमत होतं. बुद्धिबळावर एक अख्खा आठवडा गेला. भूपेशची कसोटी साधी होती: जो शिकायला वर्षही लागत नाही तो खेळच नाही. आनंदराव म्हणायचे, तसं नाही, एखाद्या खेळात चुकायचे किती मार्ग आहेत ते मोजायचं.

तिसरी दामिनी. सव्वीस वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. तिच्या घरी उमरेडला एके काळी हातमाग होता. आता वडील कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगांमागे उभे असायचे. ती मेणाचे दात कोरायची. मान खाली, हातात बारीक सुरी. वादात कधी पडायची नाही. तिला ते ऐकू तरी येतात का, असं भूपेशला वाटायचं.

डिसेंबरातल्या एका दुपारी भूपेशने निकाल देऊन टाकला. "सगळ्यात फालतू खेळ सांगू काका? चालण्याची शर्यत. कंबर हलवत जाणाऱ्या लोकांले पदकं देतात. चालणं कोणाले येत नाही? माझ्या मुलीले अकराव्या महिन्यात येत होतं."

दामिनीने सुरी खाली ठेवली.

"मी चालते, दादा," ती म्हणाली.

"सगळेच चालतात वं."

"तसं नाही. शर्यतीत चालते. म्हणजे चालत होती. एकोणिसाव्या वर्षी राज्यात तिसरी आली होती."

भूपेशला ओशाळल्यासारखं झालं, पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "बरं, मग त्यात कठीण काय आहे ते तरी सांग."

"सांगून नाही कळत," दामिनी म्हणाली. "रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सले या. एक किलोमीटर चाला माझ्यासोबत."

त्या रविवारी भूपेशने आयुष्यात पहिल्यांदा सामना चुकवला. रस्त्यावर धुकं इतकं खाली आलं होतं की झाडांची खोडं दिसत होती, वरचे शेंडे नव्हते. कुठून तरी पारव्यांचं घुमणं येत होतं. आनंदराव स्वेटर आणि कानटोपी घालून स्कूटरवर बसले होते. पंच तेच. पिवळा पुठ्ठा दाखवला तर इशारा, तांबडा म्हणजे चूक, आणि तीन तांबडे झाले की बाहेर.

दामिनीने नियम सांगितले. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे. आणि पुढचा पाय टेकला की शरीर त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत गुडघा सरळ पाहिजे.

"बस, एवढंच?" भूपेश म्हणाला.

"एवढंच."

पन्नास पावलांत त्याला दोन पिवळे मिळाले. वेग वाढवला की गुडघा आपोआप वाकायचा, गुडघा सांभाळला की वेग जायचा, आणि दोन्हीकडे लक्ष दिलं की हात कुठल्या कुठे जायचे. शंभराव्या पावलाला पोटऱ्यांच्या पुढच्या बाजूला, जिथे त्याच्या माहितीप्रमाणे स्नायूच नव्हते, तिथे आग पेटली. आनंदराव स्कूटरवरून हळूहळू मागे येत होते आणि अगदी मन लावून तांबडा पुठ्ठा दाखवत होते.

"काका, काहून एवढे कडक होता?"

"तू पळून राहिला, भूपेश. मले दिसते ना."

तिसऱ्या तांबड्यानंतर तो थांबला. दामिनी मात्र गेली. तिच्या पायांचा आवाज जवळजवळ येत नव्हता. खांदे एका रेषेत, डोकं स्थिर, खाली कंबर मात्र पाण्यासारखी वळत होती. धुक्यात ती विरघळली आणि काही मिनिटांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा उगवली, चेहरा अगदी शांत, जणू रस्ताच तिच्याखालून सरकत होता आणि ती नुसती उभी होती.

"माझ्या मागे या," जवळून जाताना ती म्हणाली. "पाय पाहू नका. पाठ पाहा."

भूपेश तिच्या मागे लागला. तिची पाठ, तिची वेणी, तिचे कोपर. त्याने विचार सोडून दिला. आणि मग कसं कोण जाणे, वीसेक पावलं तसं झालं. टाच टेकत होती, पाय सरळ होता, कंबर स्वतःहून पुढचा पाय पाठवत होती. आजूबाजूची कुंपणं, फाटकं, ओली पानं मागे जात होती आणि त्याला काहीच करावं लागत नव्हतं. लहानपणी स्वप्नात तो असाच कुठे कुठे जायचा, पायऱ्यांवरून, छपरांवरून, पाय न दुखता. हे त्याला आठवलं आणि आठवल्याबरोबर गुडघा वाकला.

आनंदरावांनी या वेळी तांबडा उचलला नाही. पुठ्ठा त्यांच्या मांडीवरच होता.

नंतर भूपेशने मोबाइलवर दामिनीचा व्हिडिओ काढला आणि अगदी संथ करून पाहिला. त्याच्या तोंडून आरोळी निघाली. "पाहा काका! इथे दोन्ही पाय वर आहेत. बुटांच्या खालून उजेड दिसून राहिला!"

"हो," दामिनी म्हणाली. "सगळ्यांचेच असतात. इतकुसा वेळ. पंचाच्या डोळ्याले दिसलं तरच चूक, अन् तो कॅमेरा नाही पाहत."

आनंदरावांनी मोबाइल हातात घेतला आणि कितीतरी वेळ तो उजेड पाहत राहिले.

जानेवारीअखेर खाप्याला एका मंडळाने शर्यती ठेवल्या. त्यात महिलांची पाच किलोमीटर चाल होती. दामिनीने नाव दिलं. सात वर्षांनी. का सोडलं होतं, असं भूपेशने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गावात पोरं मागून नक्कल करत येत. एक दिवस मलेच हसू आलं माझ्या चालण्याचं. मग पाय उचललाच नाही. पहाटे एकटी चालत होती, पण शर्यतीत नाही."

त्या दिवशी भूपेशकडून एक दात दोनदा बिघडला.

खाप्याच्या कन्हान नदीवरून सकाळची वाफ उठत होती. काठाजवळच्या रस्त्यावर एक किलोमीटरची फेरी आखली होती, पाच वेळा घालायची. नऊ बायका आणि मुली होत्या, चार पंच. भूपेश वळणावर पाण्याची बाटली आणि ओला स्पंज घेऊन उभा राहिला. आनंदरावांना नदीकाठी खुर्ची मिळाली होती.

दामिनी पहिल्या फेरीत पाचवी होती, तिसऱ्या फेरीत दुसरी. दोन पंचांनी तिला पिवळा फलक दाखवला होता आणि वळणावरच्या फळ्यावर तिच्या नंबरापुढे एक तांबडी खूण पडली होती. चौथ्या फेरीला दुसरी पडली. पुढची मुलगी तिच्यापेक्षा वीसेक पावलं पुढे होती.

"हळू, दामिनी! दुसरा नंबर बास आहे!" भूपेश ओरडला.

तिने स्पंज घेतला नाही. ती त्याच्याकडे पाहूनही त्याला पाहत नव्हती. शेवटच्या फेरीत तिची पावलं लांब झाली. रस्त्यावर नदीची वाफ आली होती, त्यातून ती पुढे जात होती, वीस पावलांची दहा झाली, दहाची चार. ती त्या मुलीच्या बाजूला आली, पुढे गेली. शेवट शंभर मीटरवर असताना मुख्य पंच रस्त्यात आले आणि तांबडा फलक वर धरला.

दामिनी थांबली. रस्त्याच्या कडेला झाली. बाकीच्या तिच्यासमोरून गेल्या.

भूपेश तिथवर धावत गेला आणि सरळ पंचांच्या अंगावर. "साहेब, काय दिसलं तुम्हाले? मी पाहून राहिलो होतो, पाय जमिनीवर होता! शेवटी येऊन काहून असं करता?" क्रिकेटमध्ये प्रत्येक पायचीतवर त्याने असंच भांडण केलं होतं.

"दादा," दामिनीने त्याची बाही धरली. "राहू द्या. खरंच सुटले होते पाय."

"पण मले तं दिसलं नाही!"

"मले कळलं होतं." ती धापा टाकत होती आणि हसत होती. डोळे भरलेले होते, पण रडण्याने नाही. "तीन-चार पावलं. मुद्दाम नाही केलं. पाय खाली यायलाच तयार नव्हते."

पंचांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि शेवटच्या रेषेकडे वळले. निर्णय मान्य करून असं हसणारं माणूस भूपेशने कुठल्याच मैदानावर पाहिलं नव्हतं. भांडायला जमवलेले शब्द त्याच्या तोंडात होते, ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना.

बक्षिसं वाटून झाल्यावर ते तिघं नदीकडे उतरले. आनंदराव चादर अंथरून आडवे झाले आणि पाचच मिनिटांत घोरू लागले. वाफ विरली होती. पाणी उथळ, संथ, पलीकडे एक बगळा. दामिनीने बूट काढून पाय पाण्यात सोडले. एका बोटाचं नख काळं पडलं होतं.

"पुढच्या महिन्यात वर्ध्याले आहे एक," ती म्हणाली. "दहा किलोमीटर."

"जाशील?"

"जाते."

भूपेश तिच्या बाजूला येऊन बसला. "दामिनी, मले शिकवशील? सुरुवातीपासून?"

तिने त्याच्याकडे तपासून पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. "बूट काढा," ती म्हणाली. "ओल्या वाळूवर चाला. सावकाश. ठसे एका रेषेत पडले पाहिजेत, दोन रेषांत नाही."

भूपेशने पँट दुमडली आणि तो चालू लागला. वाळू थंड होती. दहा-बारा पावलं गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. दामिनी त्याच्या ठशांवर वाकली होती.

"वाकडे आहेत," ती म्हणाली.

तो परत आला आणि पहिल्यापासून चालू लागला.