इंजिनामागे व्हर्जिल

लेलंड स्वॅनसनला तोंडावर वेडा म्हणायची कीटिंग गावात कुणाची छाती नव्हती, कारण अर्ध्या गावाला त्याने गणित शिकवलं होतं. मनातल्या मनात मात्र सगळे म्हणायचेच. एकतीस वर्षं शाळा सुटली की हा माणूस गाडी काढायचा आणि घरी जायचं सोडून रेल्वे यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर कापडी टोपी आणि नजर मालगाड्यांवर. मक्याच्या वाघिणी, कोळशाच्या वाघिणी आणि त्यांना ओढणारी जुनी डिझेल इंजिनं. दुसरीकडे ती कधीच भंगारात गेली होती. कीटिंगची लाइन छोटी आणि तिचा मालक चिकट, म्हणून इथे ती काळा धूर ओकत अजून धावत होती.

"नवं इंजिन म्हणजे नुसता डबा," लेलंड म्हणायचा. "चेहरा असतो तो जुन्याला."

"आणि मला?" त्याची बायको डोरीन विचारायची. "सदतीस वर्षांच्या संसारात माझा एक धड फोटो नाही काढलास. सहलीच्या फोटोतसुद्धा पूल आहे, पुलावर मालगाडी आहे, आणि सँडविच हातात धरलेला माझा फक्त कोपर आहे."

ती चेष्टेने म्हणायची, पण खोटं नव्हतं. इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांची एक जमातच असते, आणि जमात म्हटली की सोवळंओवळं आलंच. सूर्य आपल्या पाठीशी हवा. इंजिन नाकापासून शेपटापर्यंत पूर्ण दिसायला हवं. मध्ये खांब नको, तार नको, गवताची काडी नको. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे चौकटीत माणूस नको. माणूस आला की फोटो बाटला. मग तो कुणाला दाखवायचा नाही, कुणाशी अदलाबदलीत द्यायचा नाही, सरळ केराच्या टोपलीत टाकायचा. लेलंडने हे पथ्य इतक्या निष्ठेने पाळलं की त्याच्या अकरा हजार स्लाइड्स, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्म, पाहिल्या तर वाटावं, अमेरिकेतल्या मालगाड्या आपल्या आपणच चालतात.

निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली, त्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी त्याच्या दारात कॉनी टकर उभी राहिली. कधीकाळची त्याची विद्यार्थिनी, आता पन्नाशीला टेकलेली. डोळे सुजलेले होते.

"सर, डॅड गेले. रविवारी."

व्हर्जिल टकर! लेलंडने तिला हाताला धरून आत आणलं. व्हर्जिल यार्डात शंटिंगला होता. डबे जोडायचे, सोडायचे, सांधे बदलायचे, चालत्या इंजिनाच्या पायरीवर एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला इशारे करायचे. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस.

डोरीनने कॉफी ठेवली. कॉनी कपाला हात लावेना.

"शनिवारी दफन आहे. मला डॅडचा एक फोटो हवाय, सर. कामावरचा. घरातल्या सगळ्या फोटोंत ते नाताळच्या टायमध्ये गळा आवळल्यासारखे बसलेत. ते डॅड नाहीतच. मी लहानपणी एकदा त्यांना कुंपणातून पाहिलं होतं, मळका डगला, हातमोजे, इंजिनाच्या पायरीवर. असा माणूस मी घरात कधी बघितलाच नाही. आईला यार्डाचा तिटकारा, ती कधी तिकडे फिरकली नाही. म्हटलं, तुमच्याकडे असेलच. रोजच तर जायचात."

"असेलच म्हणजे?" लेलंडची छाती फुगली. "अगं, त्या यार्डाचा दिवसन्‌दिवस माझ्याकडे आहे. गुरुवारी ये आणि हवा तो निवडून ने."

आयुष्यभर लोकांनी ज्याला रिकामटेकडा उद्योग म्हटलं तो आज कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता. त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

कॉनी गेल्यावर त्याने खोके काढले. कीटिंग यार्डाचेच नऊ खोके होते. उजेडाच्या पेटीवर एकेक स्लाइड ठेवून तो भिंगातून बघू लागला. बाराशे सात नंबरचं इंजिन, ऊन नाकावर, झकास. पुढची. तेच इंजिन, बर्फात. पुढची. बुधवारी दुपारपर्यंत पाच खोके झाले आणि तो स्लाइड्स भराभर सरकवू लागला. संध्याकाळी नववा खोका संपला. इंजिनं होती, वाघिणी होत्या, पाण्याची टाकी होती, एका स्लाइडमध्ये तर कुत्रंही होतं. व्हर्जिल नव्हता. कुणीच नव्हतं.

त्याने पलीकडच्या गावातल्या गसला फोन लावला. गस त्याच जमातीतला.

"गस, तुझ्याकडे कीटिंग यार्डातला एखादा माणूस आहे का रे?"

"माणूस? माझ्याकडे कशाला असेल माणूस? मी काय लग्नाचे फोटो काढतो?"

"अरे, चुकून आलेला."

"चुकून आलेला टोपलीत गेला. तूच शिकवलंस ना मला, विसरलास?"

लेलंडने फोन ठेवला. खरं तर व्हर्जिलला तो विसरला नव्हता, आणि हेच जास्त टोचत होतं. कुंपणापाशी टोपी दिसली की व्हर्जिल लांबूनच ड्रायव्हरला हात करायचा. इंजिन सावलीतून दहा पावलं पुढे, बरोबर उन्हात आणून उभं करायला लावायचा. मग कंदील उचलायचा, जेवणाचा डबा उचलायचा, पायरीवरून उतरून इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला जायचा आणि ओरडायचा, "हटलो, मास्तर!" कॅमेरा वाजला की पलीकडूनच विचारायचा, "आलं का?" लेलंड म्हणायचा, "आलं!" आणि मग दोघं आपापल्या वाटेने. सुरुवातीला लेलंडने त्याला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं होतं. नंतर खुणावायची गरजच राहिली नव्हती.

"ही बघ," डोरीनने पेटीवरची एक स्लाइड त्याच्यापुढे सरकवली. लांब, डब्यांच्या ओळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस पाठमोरा जात होता. त्याच्या नजरेतून सुटलेला. "हाच दे तिला. मोठा करून घे. पाठीला काय, नाव असतं?"

लेलंडने बराच वेळ भिंग लावलं. "हा तो नाही. हा फार उंच आहे."

"तिला काय कळणार?"

"मला कळतंय ना."

डोरीनने ती स्लाइड परत खोक्यात ठेवली. एरवी ती वादात हरणारी बाई नव्हती.

गुरुवारी कॉनी आली ती हसऱ्या चेहऱ्याने. चर्चमध्ये ठेवायला फोटोची चौकटही घेऊन आली होती, रिकामी. तिने ती टेबलावर ठेवली, तशी लेलंडने तिला खुर्ची दिली. मग त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. हटलो, मास्तर. आलं का. सगळं. वर्गात फळ्यावर चुकलेलं गणित पुसताना त्याला कधी लाज वाटली नव्हती, ती आज वाटली.

कॉनीचं हसू कधीच मावळलं होतं.

"म्हणजे तीस वर्षं तुम्ही माझ्या डॅडना बाजूला हो म्हणत होतात."

"हो."

"आणि ते होत होते."

"हो. आनंदाने, असं मला वाटायचं."

"त्यांनी बघितले का हे फोटो कधी?"

"नाही."

"मागितले नाहीत?"

"आलं का, एवढंच विचारायचा. मी म्हणायचो, आलं. दाखवायचं... कॉनी, मला कधी सुचलंच नाही गं."

डोरीन ओट्याकडे तोंड करून उभी होती. कॉनी उठली तेव्हा लेलंडला वाटलं, ही आता चौकट उचलून निघून जाणार, आणि जावंच हिने. पण ती उजेडाच्या पेटीपाशी गेली. एक स्लाइड उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरली.

"या फोटोत ते इंजिनामागे आहेत?"

लेलंडने पाहिलं. "हो. ते चाक दिसतंय ना, त्याच्या बरोबर मागे."

"नक्की?"

"तारीख बघ. सोमवार. व्हर्जिलची पाळी दुपारी तीनची, बुधवार सोडून रोज."

"हे खाली पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?"

"इंजिनाचा नंबर. तारीख, वार. वेळ."

"मग त्याखाली लिहा."

"काय लिहू?"

"ते आहेत म्हणून लिहा, सर." तिचा आवाज चिरकला. "माझा बाप इथे उभा आहे म्हणून लिहा!"

लेलंडने पेन घेतलं. पुठ्ठ्यावर जागा बोटभरही नव्हती. बारीक अक्षरात त्याने लिहिलं, "इंजिनामागे व्हर्जिल टकर." कॉनीने ती स्लाइड घेतली, वाचली आणि दुसरी पुढे केली. मग तिसरी. तासाभरात साठ-सत्तर झाल्या. प्रत्येक वेळी ती आधी खिडकीत धरायची, त्या चाकामागे खरंच कुणी दिसतंय का म्हणून बघितल्यासारखी. डोरीनने कॉफी बदलून दिली, ती या वेळी कॉनी प्यायली.

"ही?"

"ही नको. हा बुधवार आहे."

"मग मागे कोण?"

"एक उंच माणूस होता. लाल दाढीचा. तोही हटायचा बिचारा."

"नाव?"

लेलंडचं पेन थांबलं. बाराशे सात नंबरचं इंजिन कोणत्या कारखान्यातून कोणत्या महिन्यात बाहेर पडलं, त्याचा भोंगा कधी बदलला, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. उंच माणसाशी त्याने वीस वर्षं मान हलवून रामराम केला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

कॉनीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शनिवारी या," ती म्हणाली. "सगळे येणार आहेत. कॅमेरा घेऊन या."

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. चर्च आटोपल्यावर दफनाची गाडी यार्डावरून न्यायचं ठरलं होतं. तिथे बाराशे सात फाटकाजवळ आणून उभं केलेलं, आणि त्याच्यासमोर यार्डातली आठ माणसं, काही कामावरची, काही निवृत्त, टोप्या हातात घेऊन एका ओळीत उभी होती. दफनाची गाडी थांबली. इंजिनाच्या ड्रायव्हरने भोंगा दिला, लांबलचक. कॉनीने डोळे पुसले आणि लेलंडकडे बघून मान हलवली.

लेलंडने कॅमेरा डोळ्याला लावला.

भिंगातून त्याला दिसलं ते असं. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. कुणाचा इशारा नाही की काही नाही. कॅमेरा वर गेला तशी ती ओळ मधोमध फाटली. एकाने खाली ठेवलेला जेवणाचा डबा उचलला, दुसऱ्याने म्हाताऱ्या सोबत्याला कोपराला धरलं, आणि आठही माणसं सावकाश, शिस्तीत इंजिनाच्या मागे निघून गेली. उन्हात बाराशे सात एकटं उभं राहिलं. नाकापासून शेपटापर्यंत पूर्ण. एकतीस वर्षांत इतकी निर्मळ चौकट त्याला मिळाली नव्हती.

त्याच्याच्याने बटण दाबवेना.

"अहो, या ना!" तो ओरडला. "परत या! सगळे या!"

इंजिनाच्या टोकाकडून एक दाढी डोकावली, कधीकाळची लाल, आता पांढरी. त्या उंच माणसाच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"काय झालं मास्तर, अजून कुणी दिसतंय का?"

लेलंडने कॅमेरा गळ्यात सोडून दिला. रूळ ओलांडून, इंजिनाला वळसा घालून, तो पहिल्यांदाच पलीकडच्या सावलीच्या बाजूला गेला आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या माणसापुढे त्याने हात केला.

"मी लेलंड," तो म्हणाला. "तुमचं नाव काय?"