धाकट्या जावेची प्रार्थना

"चहा ठेवते हं," म्हणत माझी धाकटी जाऊ उठली, तेव्हाच मी ओळखलं की आता हिचा नंबर आला. आमच्या घरच्या प्रार्थनासभेत प्रत्येकानं आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची पद्धत. ही बया शेजारणीचं 'आमेन' ऐकलं की थेट स्वयंपाकघरात! चहा मात्र आम्हाला कायम वेळेवर मिळायचा.

कारण एवढंच की ती अडखळत बोलते. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करते आणि गिऱ्हाइकांशी मानेनंच बोलते. लहानपणी शाळेत पोरं हसली, ती भीती घर करून बसली ती बसलीच. कधी टोकलं तर म्हणायची, "दे-देवाला मनातलं कळतं, ताई." आणि निघाली कप विसळायला!

मग माझं ऑपरेशन ठरलं. एरवी मी घरात वाघीण, पण त्या सकाळी दवाखान्यातल्या खाटेवर पार मांजर झाले होते. चर्चचे पाळकसाहेब नेमके परगावी. खाटेशी धाकटी बसली होती, डोळे मिटून, नुसतेच ओठ हलवत.

"मोठ्यानं म्हण गं," मी म्हटलं.

"देवाला म-मनातलं..."

"देवाला कळतं गं बाई! मला कुठं ऐकू येतंय? मला भीती वाटतेय."

तिनं भरलेल्या वॉर्डवरून नजर फिरवली. मग स्वतःशीच पुटपुटली, "बा-बाप आहे तो. लेकरू बोबडं बोललं म्हणून बाप हसतो होय?" आणि माझा हात घट्ट धरून तिनं सुरुवात केली, "प्र-प्र-प्रभू येशू..."

कुणीही हसलं नाही. शब्द अडला की ती थांबायची, दम घ्यायची आणि पुढे जायची. माझ्यासाठी मागून झालं, डॉक्टरांच्या हातांसाठी झालं, पलीकडच्या खाटेवरच्या आजींसाठी झालं. आजींनीही हात जोडले. तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन वॉर्डबॉय आला. हिचं आमेन होईना, म्हणून तोही बिचारा मान खाली घालून उभा राहिला. हिनं एक डोळा किलकिला करून त्याचा कंबरदुखीचा पट्टा पाहिला आणि त्याच्या कमरेसाठीही मागितलं! मला हसूच आलं. भीती कधी पळाली, कळलंच नाही.

"अगं, आमेन म्हण की आता," मी हळूच म्हटलं, "न्यायला आलेत मला."

"थां-थांबा जरा, ताई," ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझं अजून सं-संपलं नाही."